बाईच्या जातीनं वजन उचलू नये

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या होत्या. म्हणणारी आत्या, अप्पांची थोरली बहीण, ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. मी तिच्या पुढून खेपांवर खेपा घालत होते आणि तिचं चालूच होतं. बाईच्या जातीनं वजन उचलू नये, पोट सरकतं, मग जन्मभर भोगावं लागतं. माझ्या हातातल्या कळश्या तिला दिसत नव्हत्या असं नाही. पण ते पाणी होतं, आणि ती लोखंडाबद्दल बोलत होती.

आजही धारवाडला गेले की कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि हळूच विचारतं, अजून ते उड्या मारणं, लोखंड उचलणं चालू आहे का. मी हो म्हणते. माझं वय आणि माझे गुडघे यांची त्यांना फार काळजी असते. त्यांच्या काळजीचा मला तेव्हाही राग यायचा आणि आताही येतो. कारण ज्यांची काळजी करायला हवी होती, त्यांची यांतल्या एकानंही कधी केली नाही.

तेव्हाचं धारवाड म्हणजे आठवड्यातून एकदा नळ. कधी आठ दिवसांनी, कधी दहा. आला तरी पाण्याला जोर नसायचा, म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी दारापुढे खड्डा खणून नळ जमिनीखाली नेलेला होता. खड्ड्यात घागर ठेवायची, भरली की खाली वाकून ओढून काढायची, मांडीला टेकवायची, तिथून एका हिसक्यात कमरेवर घ्यायची आणि घरात न्यायची. पिंपं, हंडे, न्हाणीघरातली टाकी, सगळं भरेपर्यंत हेच. हे काम आईचं आणि माझं. अप्पा कोर्टात शिरस्तेदार होते. नळाच्या दिवशी ते पेपर वाचायचे आणि मधूनमधून पिंप भरलं का, असं विचारायचे. अण्णा, माझा मोठा भाऊ, डिप्लोमा करून तारिहाळच्या एका कारखान्यात लागला होता, तो पहाटेच बस पकडायचा. आत्याचं वय झालेलं. असं एकेकाचं कारण होतं, आणि कुणाची कारणं कुणी तपासत नव्हतं.

लोखंड माझ्या आयुष्यात आलं कॉलेजात. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या बाई तरुणपणी गोळाफेक करायच्या. खो-खोच्या सामन्यात त्यांनी मला खुंटाजवळून वळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हॉलमागच्या खोलीत बोलावलं. तिथे एक गंजका बार आणि काही प्लेटा होत्या. संध्याकाळी ती खोली मुलांची असायची. बाईंनी प्राचार्यांशी भांडून सकाळची वेळ मुलींसाठी मागून घेतली होती, आणि मुली म्हणजे सुरुवातीला मी एकटी.

बाई समजावायच्या छान. म्हणायच्या, पोतं उचलणारा हमालही ताकदवान असतो, पण पोतं त्याच्या पाठीवर सावकाश चढतं. आपल्याला लोखंड उडवायचं आहे. स्नॅच म्हणजे जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर घ्यायचं, तिथून डोक्यावर. दोन्हींत हात नुसते दोरीसारखे. काम करायचं ते पायांनी आणि कमरेनं. ते जमलं की बार क्षणभर आपोआप वर जातो, त्याला वजनच नसतं, आणि तेवढ्यात आपण त्याच्याखाली शिरायचं. पहिल्यांदा बार तसा वर गेला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो खाली ठेवायचं विसरून तशीच उभी राहिले. घरात काहीही उचललं तरी असं कधी वाटलं नव्हतं.

लोखंडाच्या जोडीला उड्या होत्या. त्यांचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, बाई नुसत्या उड्याच म्हणायच्या. उभ्या जागेवरून दोन्ही पायांनी कट्ट्यावर उडी, कट्ट्यावरून खाली, आणि पाय टेकता टेकता लगेच पुन्हा वर. "जमीन म्हणजे तापलेला तवा समज," असं त्या सांगायच्या, "पाय टेकला की उचल." कॉलेजात कट्टा नव्हता, घरापुढे होता. म्हणून मी सकाळी आमच्याच दारात, वेणी घट्ट बांधून, सलवारीवर उड्या मारायला लागले. गल्लीतल्या पोरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी माझं नाव कप्पी ठेवलं. कन्नडमध्ये कप्पी म्हणजे बेडूक.

एकदा ती सगळी टोळी समोरच्या उंच कट्ट्यावर बसून मला नेहमीसारखी चिडवत होती. मी तशीच रस्ता ओलांडून गेले, त्यांच्यापुढे उभी राहिले आणि उभ्या जागेवरून त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत उडी मारून चढले. वरून विचारलं, "ईग यार जिगीतीरी?" आता कोण उडी मारतंय? एकानं मारली. त्याची नडगी दगडाला अशी सोलली की त्याची आई हळद घेऊन धावत आली. कप्पी हे नाव मात्र राहिलं. पुढं मला ते आवडायलाही लागलं.

सुट्टीत कॉलेजची खोली बंद असायची म्हणून अण्णानं मला बार करून द्यायचं कबूल केलं. कारखान्यातल्या भंगारातला एक शाफ्ट त्यानं मागून घेतला, लेथवर चढवला, आणि एका शनिवारी गोणपाटात गुंडाळून बसमधून घरी आणला. उलगडून दाखवताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. बार आरशासारखा चमकत होता. त्यात माझं नाकसुद्धा दिसत होतं. त्यानं आधी लेथवर आणि मग पॉलिश पेपर घेऊन हातानं तो घासला होता, कारण त्याच्या धंद्यात गुळगुळीत म्हणजे चांगलं आणि खरखरीत म्हणजे कामचुकारपणा. मी पहिला हिसका दिला आणि बार ओल्या साबणासारखा हातातून निसटून अंगणातल्या फरशीवर पडला. फरशी फुटली. बार पकडायला खरखरीतच लागतो हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि माझ्याही नाही.

स्वतःच्या हातानं केलेल्या त्या पॉलिशवर चरे पाडायला अण्णाचा जीव होईना. त्यानं सायकलची ट्यूब गुंडाळून पाहिली, दोरी गुंडाळून पाहिली, आणि शेवटी पंधरा दिवसांनी बार परत नेऊन त्यावर नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी बारीक खाचा, मारून आणलं. आणून माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून आत गेला. मी तो बार आजवर कुणाला दिलेला नाही.

प्लेटांसाठी आम्ही हुबळीला दुर्गदबैलाच्या बाजारात गेलो. लोखंडाच्या दुकानातल्या माणसानं अण्णाला विचारलं की हे गिरणीला हवंय की पंपाला. मी म्हटलं, मला हवंय, डोक्यावर धरायला. त्यानं अण्णाकडे पाहिलं. अण्णा म्हणाला, ती सांगते ते खरं आहे.

एवढं सगळं जमवूनही क्लीन, म्हणजे बार खांद्यावर घेणं, मला येत नव्हतं. मी हातांनी ओढायची आणि बार अर्ध्यात अडायचा. बाई ओरडून थकल्या. मग एका नळाच्या दिवशी मी रिकामी कळशी घेऊन उभी असताना आईला खड्ड्यातून घागर काढताना पाहिलं. म्हणजे दर नळाला पाहत होते, पण त्या दिवशी नीट पाहिलं. ती अर्धी बसली होती, पाठ ताठ, हात सरळ. घागर मांडीपर्यंत आली आणि तिथं तिनं कमरेतून असा झटका दिला की घागर आपल्या पायांनी चालत आल्यासारखी कमरेवर येऊन बसली. आईनं हात वाकवलेच नव्हते. ती म्हणाली, "बघत काय उभारलीस, कळशी आण की." दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात मी मनातल्या मनात बार नाही, घागर उचलली. एका झटक्यात खांद्यावर आली.

त्याच वर्षी बाईंनी बातमी आणली की नवनगरात होणाऱ्या कॉलेजांच्या स्पर्धेत मुलींचे गट पहिल्यांदाच ठेवलेत. माझं नाव सोमवारपर्यंत पक्कं करायचं होतं. मला ते हवं होतं. इतकं दुसरं काही मी त्याआधी मागितल्याचं मला आठवत नाही.

नेमकं त्याच आठवड्यात हुबळीचं एक स्थळ गप्प झालं. मुलाच्या मामानं म्हणे मला सकाळी दारात उड्या मारताना पाहिलं होतं. अप्पा वाईट माणूस नव्हते. पण दिवसभर कोर्टात बसून त्यांना निकाल ऐकायची सवय झाली होती, आणि घरी आल्यावर द्यायची. रात्रीच्या जेवणाला त्यांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं की उद्यापासून ते लोखंड बंद, स्पर्धा बंद. आत्यानं लगेच पोट सरकण्याचं पुराण उघडलं. मी विचारलं की हे कुणी ठरवलं. अप्पा म्हणाले, घरानं ठरवलंय. मी विचारलं, घराची बैठक कधी झाली, मला कुणी बोलावलं नाही. अण्णा टेबलाखालून माझा पाय दाबत होता. नंतर म्हणाला, त्यांच्याशी जरा दमानं घे. दमानं घ्यायला माझ्याजवळ सोमवारपर्यंतचाच वेळ होता.

शनिवारी नळ होता. सकाळी खड्ड्यातून आधी नुसती हवा फुसफुसली, मग पाण्याची बारीक धार लागली. सगळी गल्ली आपापल्या खड्ड्याशी जमली. मी कट्ट्यावर बसले, हात मांडीवर ठेवले. आईनं हाक मारली. मी उठले नाही. आईनं पुन्हा हाक मारली तेव्हा मी ओसरीवरच्या पेपरमागे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "बाईच्या जातीनं वजन उचलू नये. घरानं ठरवलंय."

पेपर खाली आला. अप्पा म्हणाले की हट्टीपणा पुरे, आई एकटी आहे. ते खरंच होतं. माझा राग होता अप्पांवर आणि घागरी पडल्या आईच्या अंगावर, हे मला बसल्या जागी दिसत होतं. तरी मी उठले नाही. एकदा उठले असते तर मग जन्मभर उठत राहिले असते.

आईनं एक घागर काढली, आत ठेवून आली. दुसरी काढली. तिसरी खड्ड्याच्या काठावर टेकवली, धारेखाली रिकामी लावली, पदराला हात पुसले आणि येऊन माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली. अप्पांना वाटलं ती माझी समजूत घालायला आली. खरं तर मलाही तेच वाटलं.

"वन्सं सांगतात ते खोटं नाही," आई म्हणाली. ती अप्पांशी बोलत होती, पण बघत होती खड्ड्याकडे. "माझं सरकलंय. हिच्या वेळी बाळंत होऊन महिना झाला नव्हता आणि नळ आला. ह्याच खड्ड्यातनं पाणी काढलं मी. तुम्ही तिथंच बसला होता, पेपर घेऊन. तेव्हापासून ओटीपोट बांधून उचलतीय. बाईच्या जातीनं उचलू नये असं तेव्हा कुणी म्हणालं नाही."

आई आणखी एवढंच म्हणाली, "हिला निदान कुणीतरी शिकवतंय."

खड्ड्यात पुढची घागर भरून वाहायला लागली होती. आमच्या गल्लीत नळाच्या दिवशी पाणी वाहून जाणं म्हणजे पाप. शेजारची बाई आपली कळशी तशीच हातात धरून आमच्याकडे बघत राहिली. आणि मग आत्या बोलली. तीही त्याच घरात होती त्या महिन्यात, बाळंतिणीचा शेक तिनंच केला होता. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आपल्या धाकट्या भावाला, कोर्टातल्या शिरस्तेदाराला, एका शब्दात सांगितलं, "ऊठ."

अप्पांनी पेपरची घडी घातली. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि खड्ड्याशी गेले. जन्मात कधी त्या खड्ड्यात हात घातला नव्हता त्यांनी. कमरेतून वाकले, दोन्ही हातांनी घागर ओढली, अर्धं पाणी स्वतःच्या छातीवर घेतलं आणि उरलेलं आत नेलं. गल्लीतले पुरुष हसले. त्यांना काय, त्यांच्या बायका उचलत होत्या. तिसऱ्या खेपेला मला राहवेना. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "अप्पा, कमरेतनं वाकू नका. खाली बसा, पायांनी उठा." ते म्हणाले की त्यांना कळतंय. कळत नव्हतं. पुढचे दोन दिवस ते बाम चोळून पालथे पडून होते.

त्या पाठदुखीत सोमवार आला आणि मी बाईंना नाव पक्कं करायला सांगितलं. अप्पांनी हो म्हटलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. अण्णा आईला हुबळीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी तपासून इलाज सांगितला, वजन उचलणं बंद केलं आणि एवढी वर्षं का आला नाहीत, असं विचारलं. आई म्हणाली, घरात कुणाला माहीतच नव्हतं. मला माहीत नव्हतं, ते समजण्यासारखं आहे. पण आत्या सगळ्या गल्लीला पोट सरकण्याची भीती घालत होती आणि तिच्यासमोर आई घागर घेऊन जात होती, याचा विचार केला की मी अजूनही संतापते. आत्यावर नाही. त्या सगळ्या व्यवस्थित चाललेल्या घरावर.

तेव्हापासून पाणी मी आणि अप्पा भरायला लागलो, आणि आई तरी बसायची नाही, रिकामी भांडी पुढं करत राहायची. एकेक घागर काढताना मी त्यांना शिकवायची, छाती वर, पाठ ताठ, आणि ते दर खेपेला नवीन कारण काढून तसं करायचे नाहीत.

स्पर्धेचा दिवस ठरला आणि कळलं की त्याच दिवशी नळ आहे. मी काळजीत पडले. आईनं मी घरी थांबते म्हटलं, तसे अप्पा पेपरमागून म्हणाले, "मी बघतो. तूही जा तिच्याबरोबर." मला वाटतं माझ्या स्पर्धेबद्दल ते जे काही बोलले ते एवढंच.

आई दहीभाताचा डबा घेऊन माझ्याबरोबर बसनं नवनगरात आली. सभागृहात लाकडी फळ्यांचा चौथरा केला होता. प्रेक्षक सगळे मुलगे, आपापल्या कॉलेजातल्यांसाठी आलेले. आम्ही मुली चौथऱ्यावर यायला लागलो तसा मागून कुणीतरी कन्नडमध्ये बांगड्या सांभाळा म्हणून ओरडला आणि हशा पिकला. माझ्या हातात बांगड्या नव्हत्या. मी दोन्ही हात वर करून त्या बाजूला दाखवले आणि मग हाताला खडू चोळला. खाली बाई डोळे वटारून बघत होत्या, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

स्नॅच नीट झालं. क्लीन अँड जर्कची पहिली खेप वाया गेली. घाईत पुन्हा हातांनी ओढलं आणि बार गुडघ्यांवरून परत खाली आला. मागे पुन्हा हशा. मला रडू येईल असं वाटलं, आणि रडू येतंय म्हणून राग आला. मी आईकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत एका लोखंडी खुर्चीवर, डबा मांडीवर घेऊन बसली होती. नळाच्या दिवशी आईला बसलेलं मी त्या एका सकाळखेरीज कधी पाहिलं नव्हतं. ती इकडं तिकडं बघत होती, तिला आपल्या हातांचं काय करावं ते समजत नसावं.

पुन्हा नाव पुकारलं तेव्हा मी चौथऱ्यावर गेले, अर्धी बसले, पाठ ताठ केली, हात सरळ सोडले. समोर खड्डा आहे आणि त्यात भरलेली घागर आहे. बार मांडीपर्यंत आला आणि मी आईसारखा झटका दिला. लोखंड वर गेलं, मी खाली गेले आणि मग आम्ही दोघंही उठलो. खांद्यावरून डोक्यावर न्यायला मला काही वाटलंच नाही. वर धरून उभी राहिले, पंचांनी खाली ठेवायला सांगितलं तरी थोडी जास्तच उभी राहिले. मागचा तो ओरडणारा तेव्हा काय करत होता मला माहीत नाही. मी तिकडं बघितलंच नाही.

मी दुसरी आले. पहिली आलेली मुलगी माझ्याहून चांगली होती, तिचं स्नॅच मी आजही विसरले नाही.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दारातून आत पाऊल टाकायला जागा नव्हती. पिंपं, हंडे, घागरी, कळश्या तर भरल्याच होत्या. शिवाय पातेली भरली होती, कुकर भरला होता, कढई भरली होती, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या भरल्या होत्या, देवाच्या पंचपात्रीतसुद्धा काठोकाठ पाणी होतं. आत्या ओसरीवरून म्हणाली की मी पुरे पुरे म्हणत होते, ऐकतच नव्हता. अप्पा खाटेवर बसले होते, लेंगा मांडीपर्यंत ओला, एक हात पाठीवर.

त्यांनी मला काही विचारलं नाही. आईला विचारलं, "काय झालं?"

"उचललं तिनं. दुसरी आली."

अप्पांनी मान हलवली. लेंग्याचं ओलं टोक पिळत त्यांनी आणखी विचारलं, "आणि तू काय केलंस दिवसभर?"

आईनं भरलेल्या भांड्यांमधून वाट काढत पाट ओढला, त्यावर टेकली आणि पाय लांब केले.

"बसले होते," ती म्हणाली.